वेड पांघरून पेडगावला: भीमेचे आणि गोदेचे मासे कुठे गेले?

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.)



आजची गोष्ट सुरू होते रस्त्याच्या कडेला. शेवगावहून पैठणकडे जाताना जायकवाडीचं पाणी जवळ आलं की रस्त्यालगत मासे विकायला बसलेल्या बायका दिसतात. पुढ्यात घमेलं, वर ओलं पोतं, बाजूला कोयता. मी गाडी थांबवली आणि एका मावशींना विचारलं, "कुठला मासा आहे?"

"ही चिलापी. हा रोहू. हा कटला. घ्या, ताजा हाय."

म्हटलं, "मावशी, यात गोदावरीचा म्हणावा असा कुठला?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "वाम येती कधीमधी. मरळ येती. बाकीचे माझी सासू ओळखायची. मला नावं नाय सांगता यायची."

मी अर्धा किलो चिलापी घेतली आणि निघालो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ज्या घराचं पोट पिढ्यान्‌पिढ्या नदीवर चाललं, त्या घरात एका पिढीत माशांची नावं संपली. आता गंमत बघा. सासूबाईंना माहीत होती तसली काही नावं आजही शाबूत आहेत. ती लंडनमध्ये छापलेल्या, जवळपास १८५ वर्षं जुन्या एका लेखात आहेत. ती तिथे कशी गेली, आणि इथून का गेली, हीच आजच्या भागाची गोष्ट.

पेडगावचे मासे

पेडगाव कुठे आहे? श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठावर. इतिहासाची आवड असणाऱ्यांना लगेच बहादूरगड आठवेल. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणलं तो किल्ला. आज त्याला धर्मवीरगडही म्हणतात. भीमेचं पाणी किल्ल्यात उचलून घेण्यासाठी तिथे हत्ती मोट होती, तिचे अवशेष आजही दाखवतात. आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेली म्हण: वेड पांघरून पेडगावला जाणे. म्हणजे सगळं कळत असताना काही कळत नाही असं सोंग आणायचं. बहादूरखानाच्या छावणीला मराठ्यांनी चकवलं, त्यावरून ही म्हण आली असं सांगतात. म्हण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर या पेडगावच्या नदीत एक इंग्रज मासे बघत होता. त्याचं नाव विल्यम हेन्री सायक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई संपून काहीच वर्षं झाली होती. नवा मुलूख हातात आला, आता त्यात आहे काय ते मोजायला हवं. जमीन किती, माणसं किती, पिकं कोणती, सारा किती. १८२४ मध्ये मुंबई सरकारने हे काम सायक्सला दिलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या वाट्याला होते. म्हणजे आपला आजचा अहिल्यानगर जिल्हा त्यात आलाच.

सायक्सने सारा मोजला, पाऊस मोजला आणि जोडीला प्राणी-पक्षीही नोंदवले. पक्षी बघणाऱ्या दोस्तांना सायक्सचा चंडोल माहीत असेल, तोच हा सायक्स. इंग्लंडला परत गेल्यावर १८३०च्या दशकाच्या शेवटी त्याने दख्खनच्या माशांवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे आहेत, चाकणजवळच्या इंद्रायणीतले आहेत आणि भीमेवरच्या 'पैरगाव'चे आहेत. हे पैरगाव म्हणजेच आपलं पेडगाव.

आता खरी मजा. शास्त्रीय नावं लॅटिनमध्ये असतात, असं आपण शाळेत शिकतो. सायक्सला इथल्या माशांना नावं द्यायची होती, आणि बहुतेक वेळा त्याने काय केलं? लोक जे म्हणत होते तेच नाव जसं कानावर पडलं तसं लिहून टाकलं. खुद्री. पोटेल. बोगट. कोलस. मुसुल्ला. मुल्या. नुकटा. टाकरी. गुंगवारी. ही शास्त्रीय नावं आहेत, मंडळी! जगातल्या कुठल्याही देशातला मत्स्यशास्त्रज्ञ आजही 'टोर खुद्री', 'लेबिओ पोटेल', 'गारा मुल्या' असंच म्हणतो. यातली टाकरी तर पेडगावच्या भीमेचीच.

इंग्रजी वळणातून गेल्यामुळे काही उच्चार वाकडे झाले असतील. पण हे शब्द आले कुठून? सायक्सच्या मनातून नक्कीच नाहीत. कुणीतरी जाळं झटकत, मासा हातात धरून, "साहेब, हा पोटेल" असं सांगितलं असणार. नदीकाठचे भोई, कोळी, मासे विकणाऱ्या बायका. त्यांची स्वतःची नावं कुठे नोंदली गेली नाहीत. त्यांनी माशांना दिलेली नावं मात्र जगभर गेली.

आणि नुसता शब्द राहून मासा हरवला तर काय होतं, तेही याच लेखात दिसतं. सायक्सचा 'मुसुल्ला' नेमका कोणता मासा, यावर अभ्यासकांचा वाद दीडशे वर्षांहून जास्त चालला. कुणी त्याला महसीरच्या कुळात टाकलं, कुणी दुसऱ्याच. नदीकाठी विचारलं असतं तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. अट एकच: विचारायला वेळेवर जायला हवं होतं.

नदीचा जिना होतो

आता पुढची शंभर-दीडशे वर्षं. नगर जिल्हा म्हणजे दुष्काळी मुलूख. सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोल्यात धो धो पाऊस, आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडला आभाळाकडे डोळे. त्यामुळे पाणी अडवणं ही इथे हौस नव्हती, जगण्याचा प्रश्न होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून "धरणंच वाईट" असं कुणाला वाटायला नको. १८७६ ते ७८चा दुष्काळ, १९७२चा दुष्काळ. ज्यांच्या घरात त्यांच्या आठवणी आहेत त्यांना पाण्याची किंमत मी सांगायची गरज नाही.

तारखा पाठ करू नका, फक्त क्रम बघा. १८७०च्या दशकात प्रवरेवर लाख आणि ओझर इथून कालवे निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीवर नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, १९१६ मध्ये दारणा धरण, आणि गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे आले. १९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचं विल्सन धरण पूर्ण झालं. उंची ८२ मीटर. त्या काळात हे मोठं आश्चर्यच होतं.

पाठोपाठ ऊस आला. हरेगावला खासगी कारखाना, आणि मग १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप. दुष्काळी शेतकरी कारखान्याचा मालक झाला. ही साधी गोष्ट नाही.

मग मोठी धरणं. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण, २६ टीएमसी. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी, एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास. त्याचा फुगवटा नेवासा आणि शेवगाव तालुक्यांत आला. १९८०च्या सुमारास भीमेवर उजनी, ११७ टीएमसी. तिचा फुगवटा कर्जत तालुक्याला लागला. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. मोठ्या धरणांच्या मध्ये मग छोटे-मोठे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, फळ्या टाकून पाणी अडवणारे.

आता माशाच्या नजरेने बघा. पूर्वी नदी म्हणजे एक लांबलचक वाहता रस्ता. पावसाळ्यात पहिला लोंढा आला की खालचे मासे वर चढायचे. वरती गोटे-वाळूचा तळ, थंड वाहतं पाणी, तिथे अंडी घालायची. पिल्लं पाण्याबरोबर खाली यायची. महसीर, म्हणजे आपली खडशी, हीच सायक्सची 'खुद्री'. तिचं सगळं आयुष्य या वर-खाली जाण्यावर उभं. नुकटा आणि पोटेल हेही वाहत्या नदीचे मासे.

आपण काय केलं? त्या रस्त्याचा जिना केला. प्रत्येक पायरीवर साचलेलं पाणी, मध्ये भिंत. वर जायची वाट बंद. गोट्यांवर गाळ बसला. नदी वाहते ती आवर्तन सुटलं की. दार उघडलं की लोंढा, दार बंद झालं की डबकी. अंडी घातलेल्या उथळ जागेवर दोन दिवसांनी पाणीच नसेल, तर त्या अंड्यांचं काय होणार?

हे कुणी मुद्दाम केलं नाही. धरणाच्या नकाशात कालव्याची रेघ होती, उसाचं क्षेत्र होतं, बुडणारी गावं होती. मासा कुठेच नव्हता.

एकेक पाहुणा, एकेक चांगलं कारण

साचलेलं पाणी रिकामं राहत नाही. त्यात कुणीतरी येतंच. आणि इथे जे जे आले, त्यातले बरेच आपण स्वतः आणले, तेही चांगल्या कारणासाठी.

पहिलं कारण हिवताप. जिथे कालवा आला, पाणी मुरून डबकी झाली, तिथे डास वाढले. मग डासांच्या अळ्या खाणारे मासे आले. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. गॅम्ब्युझिया मूळ अमेरिकेतला, १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आलेला. 'गप्पी मासे पाळा' ही पाटी तुमच्याही गावातल्या भिंतीवर असेल. बंद टाकीत, हौदात ठीक. पण ओढ्यात सोडले की ते फक्त डासांच्या अळ्यांवर थांबत नाहीत. गॅम्ब्युझिया इतर माशांची अंडी आणि पिल्लं खातो, बेडकांची पिल्लंही सोडत नाही. आणि तीच बेडकं मोठी होऊन डास खाणार होती!

दुसरं कारण भूक. स्वातंत्र्यानंतर देशाला स्वस्तात प्रथिनं हवी होती. १९५२ मध्ये आफ्रिकेतली तिलापिया भारतात आली. तीच आपली चिलापी. ही मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लंही धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात. काही महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा विणते, काहीही खाते, गढूळ पाण्यात जगते. आपल्या नदीचा मासा वर्षातून एकदा, पुराची वाट बघून अंडी घालणारा. स्पर्धा बरोबरीची कशी होणार? आज भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी नसेल तर बाजारच भरल्यासारखा वाटत नाही.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, १९३९ आणि पुन्हा १९५७ मध्ये बाहेरून आला. हा तळाचा चिखल उकरून खातो, त्यामुळे पाणी गढूळ होतं आणि तळाशी उगवणाऱ्या पाणवनस्पती उपटल्या जातात.

आणि रोहू, कटला, मृगळ? हे तर आपलेच, भारतीय. पण त्यांचं बीज मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातलं. १९५७च्या १० जुलैला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. या शोधामुळे हॅचरीत लाखोंनी पिल्लं तयार होऊ लागली आणि देशभरातल्या धरणांमध्ये सोडली जाऊ लागली. धरणात शेतं गेलेल्या, नदी गेलेल्या कित्येक कुटुंबांना याच माशांनी मच्छीमार सोसायट्यांमधून रोजगार दिला. रस्त्यावरच्या त्या मावशींचं घर आज याच रोहू-कटल्यावर चालतं. म्हणून या माशांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: धरणात 'मत्स्यबीज सोडलं' म्हणजे नदीला तिचे मासे परत दिले, असं नव्हे.

तिसरं कारण, खरं सांगायचं तर लोभ आणि हौस. आफ्रिकन मांगूर. हा थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे अगदी घाण पाण्यातही मरत नाही, आणि समोर येईल ते खातो. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात मांगूरची तळी नष्ट करण्याच्या कारवायाही झाल्या. आणि सकर मासा. घरातल्या काचेच्या टाकीत शेवाळ खातो म्हणून आणलेला, हातभर वाढला की कुणीतरी 'जीव वाचवायचा' म्हणून नदीत सोडलेला. उजनीच्या जाळ्यांमध्ये तो येऊ लागला. अंगावर हाडांचं चिलखत. जाळं फाडतो आणि बाजारात कुणी विकत घेत नाही.

राहिली जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये दिसू लागली, तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहापायी. तिथे ती इतकी माजली की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. खताचं आणि सांडपाण्याचं पाणी मिळालं तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. वरून हिरवागार गालिचा, खाली अंधार. अंधारात शेवाळं, वनस्पती मरतात, प्राणवायू संपतो, आणि मासे गुदमरतात.

पाहुण्यांना आमंत्रण कुणाचं?

आता इथे जरा थांबू. 'परके मासे आले आणि आपले मासे संपले' ही गोष्ट सांगायला सोपी आहे. व्हॉट्सॲपवर पाठवायलाही. पण ती अर्धी आहे.

पेडगावच्या भीमेत आज काय येतं बघा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तिथून ते पाणी दौंडच्या बाजूने पेडगावकडे आणि पुढे उजनीत जातं. म्हणजे सायक्सने जिथे टाकरी पाहिली, तिथे आता एका महानगराचं मैलापाणी पोचतं. प्रवरा-गोदेच्या पट्ट्यात शेतातली खतं कालव्यांच्या निचऱ्यातून नदीला लागतात. आणि मळी सुटली, पाणी काळं झालं, मासे तरंगले, ही बातमी तर दर काही वर्षांनी आपण वाचतोच.

अशा पाण्यात जगणार कोण? ज्याला कमी प्राणवायू चालतो तो. हवेतून श्वास घेणारा मांगूर, काहीही खाणारी चिलापी, मैल्यावर पोसणारी जलपर्णी. त्यांना हवं तसं घर आपणच बांधून ठेवलं: पाणी साचवलं, कोमट केलं, घाण केलं आणि वर जायची वाट बंद केली. खडशी-नुकट्याला आपण नोटीस दिली, चिलापीने फक्त रिकामं घर भाड्याने घेतलं.

हे सिद्ध करणारी एक गोष्ट ऐका, मला फार आवडते. सायक्सची 'खुद्री' आठवते? पुण्याच्या नदीतून नाव मिळालेली महसीर. इथे ती कमी होत गेली म्हणून १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या तलावावर तिची कृत्रिम पैदास सुरू झाली. फार चांगलं काम. पिल्लं देशभर पाठवली गेली, कावेरीतही सोडली. आणि कावेरीत काय झालं? तिथे स्वतःची एक महसीर होती, नारिंगी परांची, पाठीला कुबड असलेली. जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारी. आपली खुद्री तिथे इतकी फोफावली की ती मूळची महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि तिच्यावरच्या संकटांमध्ये आपल्या खुद्रीचं नाव घेतलं जातं.

म्हणजे पेडगाव-पुण्याकडे जो मासा घर हरवून बसला, तोच कावेरीत जाऊन दुसऱ्याचं घर बळकावणारा ठरला. मासा तोच. चांगला-वाईट मासा असं काही नसतं. कोणता मासा, कोणत्या नदीत, कोणाच्या हाताने, एवढाच प्रश्न असतो.

टीएमसीच्या हिशोबात मासा बसत नाही

नगर जिल्ह्यात पाण्यावर बोलायचं आणि जायकवाडीच्या भांडणावर बोलायचं नाही, असं कसं होईल? पाऊस कमी झाला की वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली मराठवाड्यासाठी पाणी सोडायचं की नाही, यावर आंदोलनं होतात, कोर्टकचेऱ्या होतात. २००५चा जलसंपत्ती नियमन कायदा आहे, मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे. जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा त्याचा ढोबळ अर्थ. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल.

दोन्ही बाजूंची तहान खरी आहे. राहुरीच्या शेतकऱ्याचीही आणि पैठणच्या खालच्या शेतकऱ्याचीही. त्यात कोण बरोबर हा आजचा विषय नाही. मला फक्त एक गोष्ट दाखवायची आहे. या सगळ्या वादात पाणी पिण्याचं असतं, शेतीचं असतं, उद्योगाचं असतं. सोडताना 'नदीपात्रातून वाहताना किती मुरेल, किती चोरीला जाईल' याची चिंता असते. म्हणजे नदीतून वाहणारं पाणी हे आपल्या हिशोबात 'घट' असतं! नदीत पाणी असणं, हाच तोटा.

आणि ते सुटतं कधी? पावसाळा संपल्यावर, साठे मोजून झाल्यावर. माशांना लोंढा हवा असतो जून-जुलैत, अंडी घालायच्या वेळी. नेमकं तेव्हा आपण थेंब न् थेंब अडवत असतो. दर पावसाळ्यात पहिल्या पुरातला थोडासा वाटा ठरवून वाहू द्यायचा, एवढी साधी मागणीसुद्धा या भांडणात कुणाच्या फलकावर दिसत नाही.

२०११ मध्ये पश्चिम घाट परिसरातल्या गोड्या पाण्याच्या जीवांची एक मोठी जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात नुकटा आणि पोटेल या दोघांची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. ज्या माशांना मराठी नावं आहेत तेच मासे. पण त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हते. हरवल्याची तक्रार करायला आधी नाव लागतं ना!

मग आपण काय करायचं?

नगर जिल्ह्यानेच देशाला पाण्याचा हिशोब शिकवलाय, हे विसरू नका. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, कोणत्या पिकाला किती द्यायचा, याचा ताळेबंद गावासमोर मांडतात. जास्त पाणी पिणाऱ्या उसाला तिथे नकार दिला. म्हणजे लोकांनी ठरवलं तर पाण्याच्या हिशोबात नवा रकाना टाकता येतो. मला वाटतं आता आणखी एक रकाना हवा: नदीत जिवंत काय आहे?

हा रकाना भरायला सायक्ससारखं सरकारी पद लागत नाही. तुमच्या खिशात त्याच्यापेक्षा चांगलं साधन आहे. त्याला चित्रं काढून घ्यावी लागत होती, तुम्ही फोटो काढू शकता. नदीवर, बाजारात, जाळ्यात अनोळखी मासा दिसला तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आय-नॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाका. जगातले जाणकार ओळखायला मदत करतात. पुढे दहा वर्षांनी 'प्रवरेत काय होतं' असं कुणी विचारलं तर उत्तर असेल.

दुसरं: घरातल्या टाकीतला मासा, कासव, पाणवनस्पती नदीत, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. नको झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या कुणाला द्या. नदीत सोडणं ही दया नाही. ज्या नदीत तो सोडला जातो, तिथल्या जिवांसाठी तरी नाहीच.

आणि तिसरं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात घाईचं. तुमच्या गावात नदीवर मासे धरणारे, विकणारे सत्तरी-ऐंशीतले आजोबा-आजी असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच विचारा: "आजी, तुमच्या लहानपणी नदीत कोणकोणते मासे होते?" नावं सांगू द्या. कसा दिसायचा, कधी मिळायचा, कसा शिजवायचा, सगळं सांगू द्या. मुसुल्ल्यासारखा वाद पुन्हा दीडशे वर्षं चालायला नको.

त्या मावशींच्या सासूबाई आता नाहीत. त्यांना माहीत असलेली नावं त्यांच्याबरोबर गेली. सायक्सच्या लेखात आहेत ती मोजकी, आणि तीही इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडकलेली. नाव असूनही मासा मरू शकतो, हे खरं. पण नावच नसलेल्या माशासाठी कुणी दार उघडून पाणी सोडत नाही.

आता ती म्हण. नदीत काय मिसळतं ते आपल्याला माहीत आहे. धरणाचं दार कधी उघडतं, कुणासाठी उघडतं, तेही माहीत आहे. तरी 'मासे कुठे गेले कुणास ठाऊक' असं म्हणत आपण वेड पांघरून पेडगावला चाललोय. आणि तिथे पोचल्यावर भीमा विचारणार, "माझी टाकरी कुठाय?" तेव्हा द्यायला उत्तर हवं ना?

हा भाग आवडला तर गावातल्या एका तरी मित्राला पाठवा. आणि आजी-आजोबांकडून माशांचं एखादं नाव मिळालं, तर खाली कमेंटमध्ये नावासोबत गाव आणि नदी नक्की लिहा. पुढच्या एखाद्या भागात ती सगळी नावं मोठ्याने वाचून दाखवीन.

भेटू लवकरच. तोवर नदीवर गेलात तर पाण्यात वाकून बघा.